एसओपी लिहून मिळेल

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आणि अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज भरू पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांस,



तुमच्यापैकी बहुतेकांचा जीआरई या प्रवेशपरीक्षेचा क्लास एव्हाना सुरू झाला असेल. शब्दांची यादी मोबाइलमध्ये असेल, मॉक टेस्टचे आकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतील आणि घरी कोणी पाहुणे आले की ‘किती स्कोअर येईल?’ हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर येत असेल. एसओपीचे, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या निवेदनाचे काय, असे मात्र कोणी विचारत नसेल. तो नोव्हेंबरात होऊन जाईल, असे तुम्ही धरून चालला आहात. सीनियरचा आहे, त्यात प्रोजेक्टचे नाव बदलायचे. नाहीतर कन्सल्टन्सीच्या पॅकेजमध्ये तो आहेच. ‘एसओपी, एलओआर (शिफारसपत्रे) लिहून मिळतील’ असे फलक क्लासच्या जिन्यांत मी पाहिले आहेत. ‘लग्नपत्रिका छापून मिळतील’ या पाटीच्या शेजारी ते अगदी शोभून दिसतात.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. निवृत्त झाले तरी मुले एसओपी दाखवायला येतात, आणि ते वाचता वाचता जे मनात साचले ते एकदाच सगळ्यांना सांगावे म्हणून हे पत्र. अर्जातला परीक्षेचा वाटा गेल्या काही वर्षांत घटत चालला आहे आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुराचा वाढत चालला आहे. तुमचा वेळ आणि आईवडिलांचा पैसा मात्र अजून उलट्या दिशेने चालला आहे.

आधी परीक्षेचे बोलू, कारण तुमचे चित्त तिथे आहे.

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई जवळपास निम्मी झाली. पावणेचार तासांचा पेपर एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आला. दोन निबंधांपैकी एक गेला. आता व्हर्बलचे (भाषेचे) २७ प्रश्न, क्वांटचे (गणिताचे) २७ आणि अर्ध्या तासाचा एक निबंध. प्रश्न कमी झाल्यावर एकेका चुकीचे वजन वाढणारच. त्यात दोन्ही विषयांचा दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे तुम्ही पहिला भाग कसा सोडवला त्यावर ठरते. म्हणून पहिले बारा प्रश्न सावकाश सोडवा. तिथे धांदल करून मग शेवटी वेळ शिल्लक ठेवण्यात काही अर्थ नाही.

क्वांटमध्ये कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. दहावीच्या आगेमागे शिकलेले गणित आणि थोडी संख्याशास्त्राची तोंडओळख एवढ्यावर भागते. त्यामुळे तिथे गर्दी फार. १७० पैकी १७० मिळाले तरी पर्सेंटाइल नव्वदीच्या जरासे पुढे जाते आणि १६५ ला ते सत्तरीच्या आसपास राहते. उलट व्हर्बलमध्ये १६० ला तुम्ही ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांच्या पुढे असता. संगणकशास्त्राच्या विभागाला तुमच्या क्वांटच्या १६७ चे कौतुक नसते, तसे अर्ज त्यांच्याकडे पोत्याने येतात. १५५ असेल तर मात्र प्रश्न पडतो.

शब्दांच्या यादीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न २०११ मध्येच परीक्षेतून गेले. तरी साडेतीन हजार शब्दांच्या याद्या आजही सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने उतरतात. आताच्या प्रश्नात वाक्य कुठे वळले हे ओळखावे लागते: लेखक आधीच्या विधानाला दुजोरा देतो आहे की ते खोडून काढतो आहे? हे पाठांतराने येत नाही. रोज दोन पाने नीट, गंभीर इंग्रजी वाचून येते. तेवढे नेमके तुम्ही टाळता.

‘मॅडम, ३१८ आलेत, परत देऊ का?’ हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते की गुणांत मोजमापाची त्रुटी असते. त्याच माणसाला त्याच तयारीनिशी पुन्हा बसवले तर एकेका विषयात दोन-तीन गुण इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे ३१८ आणि ३२१ या दोघांत फरक आहे असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. एका वेळची फी वीस हजारांच्या वर आहे. आजारी होतात, वेळ चुकली, मॉकमध्ये सातत्याने दहा गुण जास्त येत होते, असे काही असेल तर २१ दिवसांनी पुन्हा द्या. कोणते गुण पाठवायचे ते तुमच्या हातात असते आणि ते पाच वर्षे चालतात. नुसती हुरहुर वाटते म्हणून देऊ नका. त्या तीन आठवड्यांत एसओपीचे तीन मसुदे होतात.

इंग्रजीच्या परीक्षेवर मी फार शाई घालवणार नाही. टोफेल असो, आयईएलटीएस असो की ड्युओलिंगो, तो उंबरठा आहे. ओलांडला की विषय संपला. दोन गोष्टी पाहा. एकूण गुणांखेरीज बोलण्याचे वेगळे किमान गुण मागितले आहेत का? टीचिंग असिस्टंटशिप देताना विभाग ते पाहतात. आणि टोफेलची मोजपट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे, तेव्हा ‘मला शंभरच्या वर हवेत’ ही सीनियरची भाषा जपून वापरा. इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षे चालतात.

आता मुख्य अडचण: जीआरई द्यायची की नाही? विभागाच्या पानावर तीनपैकी एक शब्द असतो. आवश्यक, ऐच्छिक, किंवा विचारात घेत नाही. विद्यापीठाचे पान वाचून थांबू नका. एकाच विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचा नियम वेगळा आणि संगणकाचा वेगळा असू शकतो. एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागाला जीआरई लागत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या रॅकहॅम ग्रॅज्युएट स्कूलने पीएच.डी.साठी तिची अट काढून टाकली. हे एका रात्रीत झाले नाही. २०१४ मध्ये केसी मिलर आणि कीव्हन स्टासन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की या गुणांची गाळणी लावली की अमेरिकेतल्या स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजातले विद्यार्थी आधीच गळून पडतात. २०१७ मध्ये व्हँडरबिल्टच्या संशोधकांनी आपल्याच जीववैद्यकीय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे गुण आणि पुढची वाटचाल ताडून पाहिली. कोण पदवी पूर्ण करेल, कोण किती शोधनिबंध लिहील, हे गुणांवरून सांगता येईना. जीवशास्त्राच्या विभागांनी मग धडाधड जीआरई सोडली, आणि २०२० च्या साथीत परीक्षा केंद्रेच बंद झाल्यावर बाकीचेही निघाले.

यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नाही, हे सांगून टाकते. ज्युली पॉसेल्ट या संशोधिकेने नामांकित विद्यापीठांतल्या दहा विभागांचा अभ्यास करून, प्रवेश समित्यांची चर्चा ऐकून एक पुस्तक लिहिले, ‘इनसाइड ग्रॅज्युएट अ‍ॅडमिशन्स’. ते २०१६ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्यात दिसते की अर्जांचा ढीग पहिल्या फेरीत कमी करायचा असतो, प्राध्यापकांना वेळ नसतो, आणि मग दोन गोष्टींवर भिस्त राहते: गुण आणि कॉलेजचे नाव. आता यातले गुण काढून घ्या. काय उरले? आयआयटी मुंबईच्या मुलाला त्याचे नाव पुरते. नांदेडच्या, सांगलीच्या, शेगावच्या कॉलेजातली मुलगी तिथल्या प्राध्यापकाला ठाऊक नसते; तिच्या बाजूने साक्ष द्यायला निदान क्वांटचे १६९ तरी होते. म्हणून माझा सल्ला असा: नामांकित कॉलेजात नसाल, परीक्षा ऐच्छिक असेल आणि गुण खरोखर चांगले असतील, तर पाठवा. गुण बेताचे असतील तर ‘ऐच्छिक’ या शब्दाचा फायदा घ्या आणि गप्प राहा. ‘विचारात घेत नाही’ असे लिहिले असेल तिथे गुण एसओपीच्या मजकुरात घुसडण्याचा चलाखपणा करू नका. तो केल्याचे मी पाहिले आहे.

आणि गुणांची साक्ष जिथे घेतलीच जाणार नाही, तिथे नांदेडच्या त्या मुलीजवळ काय आहे? तिची दोन पाने आणि तिच्या शिक्षकांची तीन पत्रे.

ती दोन पाने उसनी असली की काय होते, त्याची ही २००७ ची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये पदवीप्रवेशाचे जवळपास सगळे अर्ज यूकॅस नावाच्या एकाच संस्थेकडे जातात. तिने सुमारे पन्नास हजार अर्जांतली निवेदने संगणकाला ताडून पाहायला लावली. त्यांत २३४ जणांनी हीच आठवण लिहिली होती की आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनशास्त्राच्या खेळण्याशी झटापट करताना पायजम्याला भोक पडले आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली. एवढे पायजमे जळाले असते तर अग्निशमन दलाकडे नोंद झाली असती. नमुन्याचे निवेदन इंटरनेटवर होते, इतकेच. आपल्याकडच्या पायजम्याचे नाव ‘लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते’ असे आहे. त्याआधी कलामसाहेबांचे किंवा स्टीव्ह जॉब्जचे वचन, मग घरातला रेडिओ उघडून पाहिला ती हकीकत, मग ‘आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या अत्याधुनिक प्रयोगशाळा’. एकाच क्लासमधून एकाच विद्यापीठाला चाळीस अर्ज जातात, हे लिहून देणारा विसरतो. वाचणारा कसा विसरेल?

चॅटजीपीटीने यात सुधारणा झाली असे समजू नका. व्याकरणाच्या चुका गेल्या, पायजमा राहिलाच. तुमच्याबद्दल त्याला काही ठाऊक नसते, म्हणून ते सगळ्यांना लागू पडेल असे काहीतरी लिहिते. शिवाय बहुतेक अर्जांच्या शेवटी ‘हे माझे स्वतःचे लेखन आहे’ अशा मजकुराखाली तुमची सही घेतलेली असते.

एक बारीक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. जीआरईमध्ये अर्ध्या तासात तुम्ही जो निबंध टंकता, तो ज्या विद्यापीठांना गुण पाठवता त्यांना वाचायला उपलब्ध असतो. नुसता ३.० हा आकडा नाही, निबंधच. आता एका बाजूला तो निबंध ठेवा आणि दुसऱ्या बाजूला विकत घेतलेला झुळझुळीत एसओपी. दोघांचा लेखक एकच आहे, हे कोणाला पटवून देणार? या निबंधाची तयारीही कोणी करत नाही. खरे तर त्याचे सगळे संभाव्य विषय ईटीएसने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करून ठेवले आहेत. आठवड्याला दोन विषय घ्या, घड्याळ लावून लिहा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वाचून पाहा.

मग एसओपीत लिहायचे काय? तुम्ही केलेले काम. त्यातले जे फसले ते सुद्धा, किंबहुना तेच आधी.

समजा, तुमच्यातल्या एकीने निफाडच्या एका द्राक्षबागेत जमिनीचा ओलावा मोजणारी यंत्रणा बसवली. तिचा पहिला मसुदा मला आत्ताच दिसतो आहे: ‘आयओटीवर आधारित स्मार्ट सिंचन प्रणाली विकसित केली, पाण्याची ३० टक्के बचत झाली.’ हे तीस टक्के कुठून आले? कशाच्या तुलनेत? किती दिवस मोजले? उत्तर येत नाही, कारण आकडा प्रोजेक्ट रिपोर्टसाठी जन्माला घातलेला असतो. पण तिला आणखी चार प्रश्न विचारले की खरी हकीकत बाहेर पडते. स्वस्तातला कपॅसिटिव्ह सेन्सर दुपारी एक आकडा दाखवत होता आणि पहाटे दुसरा, जमिनीत पाणी तेवढेच असताना. मग तिने बागेतून मातीचे नमुने आणले, त्यांचे वजन केले, कॉलेजच्या सिव्हिल विभागातल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवले, पुन्हा वजन केले. फरक म्हणजे खरा ओलावा. तो आकडा सेन्सरच्या आकड्याशेजारी मांडून तिने तापमानाची दुरुस्ती बसवली. आठवडाभर सगळे सुरळीत चालले. मग मालकाने ठिबकमधून विद्राव्य खत सोडले आणि दुरुस्ती कोलमडली, कारण पाण्यातले क्षार वाढले की असा सेन्सर फसतो. सरांनी सांगितले, रिपोर्टमध्ये पहिला आठवडाच दाखव.

एसओपी त्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो. क्षार आणि ओलावा यांचा परिणाम वेगवेगळा ओळखायचा कसा? कमी फ्रीक्वेन्सीला क्षारांचा प्रभाव जास्त पडतो, मग दोन-तीन वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर मोजून पाहिले तर? हे करायला आपल्याला काय येत नाही? कोणत्या विभागात या प्रकारचे मोजमाप करणारा गट आहे, तिथे कोणता विषय शिकायला मिळेल? एवढे प्रामाणिकपणे लिहिले की दोन पाने कधी भरली ते कळत नाही, आणि लहानपणच्या रेडिओला जागाच उरत नाही. या मुलीसारखा अर्ज दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. निफाडचे नाव आहे म्हणून नव्हे. काम करताना काय बिघडले हे फक्त तिलाच ठाऊक आहे, म्हणून.

‘पण मॅडम, आमचा प्रोजेक्ट विकत घेतलेला आहे.’ हेही ऐकले आहे. तर मग तो प्रोजेक्ट राहू द्या बाजूला. इंटर्नशिपमध्ये दोन महिने एक्सेलच्या फायली नीट केल्या असतील, त्यात काय विसंगत सापडले ते लिहा. एखाद्या विषयाच्या प्रॅक्टिकलला अपेक्षित उत्तर आले नाही आणि तुम्ही ते का आले नाही याचा पाठपुरावा केला, ते लिहा. काहीच नसेल तर अजून डिसेंबरपर्यंत वेळ आहे, काहीतरी खरे करा.

पहिला मसुदा मराठीत लिहिला तरी हरकत नाही. आईला वाचून दाखवा. ‘म्हणजे तू नक्की काय केलंस?’ असे तिने विचारले, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. इंग्रजी नंतर करता येते. विचार नंतर घालता येत नाही.

ड्रू अ‍ॅपलबी आणि कॅरन अ‍ॅपलबी यांनी मानसशास्त्राच्या विभागांतल्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारले होते की चांगला अर्ज कशामुळे बाद होतो. त्यांचा लेख २००६ चा आहे. उत्तरांत वाईट लेखन होते, विभागाविषयीचे अज्ञान होते, छाप पाडण्याच्या फसलेल्या खटपटी होत्या, हानिकारक शिफारसपत्रे होती; आणि निवेदनात स्वतःची दुखणीखुपणी गरजेपेक्षा जास्त उघडी करणे आणि ‘मला लोकांचे भले करायचे आहे’ हा अति कळवळा, हेही होते. क्षेत्र मानसशास्त्राचे, पण इंजिनिअरांनाही हे तंतोतंत लागू आहे. विभागाविषयीचे अज्ञान म्हणजे काय, तर पर्ड्यूला पाठवलेल्या निवेदनाच्या शेवटच्या ओळीत अ‍ॅरिझोना स्टेटचे नाव राहणे. हसू नका, दरवर्षी होते.

कळवळ्याविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपल्या मातीतला या प्रकारच्या लेखनाचा एक जुना आणि उत्तम नमुना कळवळ्याचाच आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय १८. त्या पत्रात त्या लपवाछपवी करत नाहीत; प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही हे सांगतात आणि आपली गोष्ट वेगळी आहे म्हणून सवलत मागतात. स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलेली मुलगी हाती घेतलेले काम तडीस नेईल, हा पुरावा पुढे ठेवतात. आणि लोकांचे भले करायचे आहे असे मोघम न म्हणता, कोणाचे आणि का ते सांगतात: आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून डॉक्टर बाईच हवी. अडचण काय, ती दुसऱ्या कोणाकडून का सुटत नाही, मी काय सोसून आले, मला काय येत नाही. कॉलेजने त्यांना घेतले आणि मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. हे पत्र फिलाडेल्फियाच्या संग्रहात जपलेले आहे. कन्सल्टन्सीच्या नमुना फायलीपेक्षा ते वाचा.

मिशिगन, कॉर्नेल किंवा बर्कलीसारखी विद्यापीठे दोन वेगळी निवेदने मागतात, एक अभ्यासाच्या उद्देशाचे आणि एक व्यक्तिगत वाटचालीचे. तिथे तोच मजकूर फिरवून दोनदा देऊ नका. गावातून रोज एसटीने कॉलेज केले, घरात पहिलेच पदवीधर, लहान भावाच्या फीसाठी शिकवण्या घेतल्या, हे दुसऱ्यात लिहायचे आणि न लाजता लिहायचे. पहिल्यात त्याला जागा नाही.

केटीचे काय? तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले असतील तर मार्कशीट ते सांगणारच आहे. एक वाक्य कारण आणि एक वाक्य पुढे काय सुधारले, बस्स. पाऊण पान केटीवर खर्च केले की वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढेच राहते. आणि सीजीपीए चारच्या मापात स्वतःच बदलून लिहू नका. बहुतेक ठिकाणी मूळ दहाच्या मापातलेच गुण मागतात. हिशेब त्यांचा ते करतात. ट्रान्सक्रिप्टसाठी मात्र आत्ताच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज करा. तिथला वेळ तुमच्या डेडलाइनवर चालत नाही.

आता शिफारसपत्रे. इथे माझा रोख तुमच्यापेक्षा माझ्या व्यवसायबंधूंवर जास्त आहे, तेव्हा हे त्यांनीही वाचावे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ किती विभागांत किती वेळा हे वाक्य ऐकले असेल! विद्यार्थी मग एका रात्रीत तीन पत्रे लिहितो, तिन्ही प्राध्यापकांचे इंग्रजी सारखेच असते, तिघांनाही तो मेहनती, वक्तशीर आणि सालस वाटतो, आणि तिघेही शेवटी त्याची ‘विनासंकोच’ शिफारस करतात. समितीत बसलेल्याला हे कळायला दोन मिनिटे लागत नाहीत. वक्तशीर असणे हा गुण वर्गशिक्षिकेच्या प्रगतिपुस्तकात ठीक आहे. अमेरिकेच्या अर्जात विचारलेले असते की गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या मुलांत हा कुठे बसतो आणि का. कोलंबियाच्या एडविन सेलिगमन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना आपल्या एका विद्यार्थ्याविषयी पत्र लिहिले. विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर. ते पत्र सेलिगमनना लिहिता आले, कारण त्यांनी त्या मुलाचे काम वाचले होते. आपण आपल्या मुलांचे किती वाचतो?

विद्यार्थ्यांनी एवढेच करावे. मोठ्या पदाच्या मागे लागू नका. ज्यांनी तुम्हाला कधी वर्गात पाहिले नाही त्या प्राचार्यांच्या पत्रापेक्षा ज्यांच्याकडे तुम्ही रात्री आठपर्यंत लॅबमध्ये बसलात त्या असिस्टंट प्रोफेसरचे पत्र मोलाचे. दीड महिना आधी जाऊन भेटा. सोबत एक पान न्या: तुमच्या विषयात मी हे केले, सर, हा प्रश्न तुम्हाला विचारला होता, प्रोजेक्टमध्ये हा भाग माझा होता, अमुक ठिकाणी अर्ज करतो आहे, शेवटची तारीख ही. पत्र त्यांना लिहू द्या. तरीही ‘तूच लिही’ म्हणालेच, तर ‘सर, मुद्दे देतो, शब्द तुमचे असू द्या’ असे म्हणून पाहा. निम्मे सर ऐकतात. पत्राची लिंक त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाऊ द्या. अर्जात एक चौकोन असतो: हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिलेला आहे, पण हक्क सोडलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो. सोडा.

पालकांसाठी दोन ओळी. सल्ला फुकट देणाऱ्या कन्सल्टन्सीला पैसे बहुधा विद्यापीठाकडून कमिशन म्हणून मिळतात. त्यामुळे त्यांच्या ‘सेफ’ यादीत जी नावे वारंवार येतात ती का येतात हे त्यांना तोंडावर विचारा. बारा-पंधरा अर्ज करण्याची गरज नाही. एकेका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास जातात, आणि पंधरा ठिकाणी विभागाचे पान वाचून वेगळा एसओपी कोणीच लिहीत नाही. सहा-सात नीट करावेत.

डेडलाइन १ किंवा १५ डिसेंबरच्या असतात, विशेषतः पीएच.डी.च्या, बाकीच्या जानेवारी ते मार्च. उत्तरे फेब्रुवारीपासून येऊ लागतात. तेव्हा एक तारीख लक्षात असू द्या: १५ एप्रिल. फेलोशिप किंवा असिस्टंटशिपसह प्रवेश देऊ केला असेल, तर अमेरिकेतल्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावाप्रमाणे त्या तारखेआधी उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘आठ दिवसांत कळवा’ असे दडपण आले तर विद्यापीठाने त्या ठरावावर सही केली आहे का ते पाहा आणि नम्रपणे त्याचा उल्लेख करा. स्वखर्चाच्या एम.एस.ला हे लागू नाही. तिथे डिपॉझिट भरण्याची तारीख ज्याची त्याची वेगळी असते आणि ते पैसे बहुधा परत मिळत नाहीत. तेव्हा ऑफर लेटरचे शेवटचे पान आधी वाचा.

तुमची,
एक निवृत्त प्राध्यापिका